केर्त्तूच्या वाट्याचे टँगो

ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं म्हणतात. आमच्या तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात ज्याच्या हाती पेन्तीचं यंत्र तो पारधी, आणि बाकी आम्ही सगळे ससे. यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक करडी पेटी. पेन्तीने हयातभर पदरचे पैसे घालून घेतलेल्या सगळ्या सीड्या हिवाळ्यामागून हिवाळे बसून तिच्यात उतरवून ठेवल्या होत्या. मांडव कड्याच्या पोटाशी आहे. तिथे फोनला रेंज येत नाही, पूर्वीही कधी आली नव्हती. शनिवारी बँड असतो, पण बुधवारी बँड बोलवायला समितीची ऐपत नाही, म्हणून बुधवारी पेन्तीची गाणी. योउनी समितीचा अध्यक्ष झाल्यावर त्याने एकदा फोनवरच्या गाण्यांचा विषय काढला होता. महिन्याला अमुक भरलं की जगातली सगळी गाणी मिळतात म्हणे. पेन्तीने त्याला एवढंच विचारलं, "आणि भरायचं थांबवलं की?" योउनीने विषय बदलला.

पेन्ती गेला. यंत्र आणि मांडवाच्या कोपऱ्यातली ती लाकडी खोली त्याच्या बायकोकडे, रायलीकडे आली. खोलीला एक खिडकी आहे. तिथून सगळा नाच दिसतो आणि आपल्याला मात्र नाचता येत नाही.

आणि ही रायली या उन्हाळ्यात चोरी करत होती. तिने कॉफीच्या गल्ल्याला कधी हात लावला नाही, लावणार नाही, ती त्या जातीची नव्हे. ती केर्त्तूच्या वाट्याचे टँगो चोरत होती.

मांडवातला रिवाज आम्हाला कोणी शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबर येतो. बायका एका बाजूला उभ्या, पुरुष दुसऱ्या. गाणं लागलं की पुरुषाने मधली फरशी ओलांडायची, मान लववायची, बाईने हात द्यायचा. गाणी नेहमी जोडीने लागतात, एकाच जातीची दोन. पहिल्यात पाय जुळतात आणि दुसऱ्यात खरा नाच होतो. पहिल्याच गाण्यानंतर बाईला सोडून गेलेल्या पुरुषाचं नाव पुढचा उन्हाळा येईपर्यंत निघत राहतं. दोन झाली की तिला हाताला धरून तिच्या जागेवर पोचवायचं, आभार मानायचे आणि आपल्या बाजूला परत यायचं. मध्ये बोललंच पाहिजे असा नियम नाही. तो नियम नाही म्हणून तर आमचे निम्मे पुरुष येतात.

ओइवा हा त्या निम्म्यांचा मुकुटमणी. सत्तरीचा गडी, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, लग्न न झालेला. दुकानात गेला तर लोण्याकडे बोट दाखवतो, लोणी म्हणत नाही. पण टँगो लागला की याची जीभ सुटायची. गेल्या उन्हाळ्यात तो गावात एकट्या राहणाऱ्या केर्त्तूला टँगोला न्यायचा. पहिल्या गाण्यात हवापाण्यावर बोलायचा आणि दुसऱ्यात हवापाणी सोडून. केर्त्तू हसत मान मागे टाकायची, ते सगळ्या मांडवाने पाहिलं होतं. तिचा एक गुडघा कामातून गेलेला. हुम्पाची धावपळ तिला झेपत नव्हती, येन्काच्या उड्यांचं तर नावच नको. संथ टँगो तेवढा जमायचा. शेवटचा वॉल्ट्झ लागायच्या आधी तर तिची टॅक्सी निघायची, गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मिळून जी येते ती. म्हणजे टँगो नाही तर केर्त्तू नाही, आणि टँगो नाही तर ओइवाला तोंड नाही. या उन्हाळ्यात तो तिला विचारणार, अशी कॉफीच्या खिडकीवर बसणाऱ्या सिर्काने पैज लावायची तयारी ठेवली होती. पैज घ्यायला कोणी पुढे आलं नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं.

पहिली वेळ खरोखर चुकून घडली, हे रायलीच्या बाजूने सांगायला हवं. जूनमधला सण उलटल्यावरचा बुधवार. तिने टँगो लावायला बोट ठेवलं ते खालच्या ओळीवर पडलं. टँगोची पाळी म्हणून ओइवा गाण्याआधीच फरशीच्या मध्यावर पोचला होता आणि हुम्पा धडाडला. केर्त्तूने हसून स्वतःच्या गुडघ्याकडे बोट केलं आणि मान हलवली. ओइवा भलत्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा मधोमध उभा राहिला. चारी बाजूंनी जोड्या धावायला लागल्या, तसा तो बाजूला झाला आणि जवळ होती म्हणून रायलीच्या खिडकीशी आला. खिडकीच्या फळीवर त्याने कोपरं टेकली.

"हुम्पा लागला," तो म्हणाला.

"लागला खरा."

ओइवाने फळीवरची धूळ बोटाने पुसली.

"नवे बटाटे काढलेस?"

"काढले थोडे. लहान आहेत."

"लहानच गोड," ओइवा म्हणाला. दुसरा हुम्पा संपेपर्यंत तो तिथेच उभा होता.

झालं, एवढंच बोलणं. पण त्या रात्री बाष्पस्नानाच्या खोलीत वरच्या बाकावर एकटी बसलेली रायली ते "लहानच गोड" पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. तिला ओइवा आवडत होता. कधीपासून ते विचारू नका. पेन्ती होता तेव्हा नाही, एवढं मी खात्रीने सांगते. घरात कोणी बटाट्यांची चौकशी करणारं उरलं नव्हतं, आणि माणसाला चौकशीची भूक लागते ती भाकरीच्या भुकेसारखीच.

पुढच्या बुधवारी ओइवा फरशीच्या मध्यावर आला, आणि रायलीचं बोट पुन्हा खालच्या ओळीवर गेलं. यावेळी ते चुकलं नव्हतं. ओइवा पुन्हा खिडकीशी आला.

मग तिला युक्ती सापडली. केर्त्तूला घेऊन टॅक्सी आठला यायची. रायली आठच्या आत सगळे टँगो वाजवून मोकळी व्हायची. त्यानंतर हुम्पा, येन्का, पोल्का, फॉक्सट्रॉट, पुन्हा हुम्पा. बायकांनी पुरुषांना नाचायला बोलवायचा एक तास असतो, त्याच्या खुणेचा दिवा रायलीच्याच खोलीतून लागतो. त्या तासालाही पळापळीचीच गाणी. केर्त्तू आपल्या जागी पर्स मांडीवर घेऊन बसायची, पायाने ताल धरायची आणि परतीची टॅक्सी आली की उठायची. ओइवा खिडकीशी यायचा. मासे लागतात का, अळंब्या यंदा लवकर येतील का, असं एखादं वाक्य बोलायचा. रायली त्यासाठी नवा ब्लाउज घालून यायला लागली होती.

चोरीचा माल गोड लागतो म्हणतात. रायलीला तो गोड लागत होता आणि पोटात ठरत नव्हता. घरी परतल्यावर घास उतरेना. रविवारी चर्चमध्ये केर्त्तू पुढच्या ओळीत असली की ही मान वर करायची नाही. मग तिने केर्त्तूचे लाड सुरू केले. तिला जागेवर कॉफी नेऊन द्यायची, बरोबर वेलदोड्याचा पाव, त्यातही कडेचा नाही, मधला. पिवळ्या बोरांच्या मुरंब्याची बरणी दिली, गुडघ्याला बांधायला लोकरीची पट्टी विणून दिली. पट्टी हातात घेऊन केर्त्तूचे डोळे भरून आले.

"तू माझ्यासाठी किती करतेस गं," ती म्हणाली. "सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही."

रायली "त्यात काय" म्हणाली आणि खोलीत येऊन तिने दार लावून घेतलं. पुढची जोडी टँगोची लावायचीच असं तिने ठरवलं, बोटही नेलं. ओइवा तेवढ्यात खिडकीकडेच येताना दिसला. तिने हुम्पा लावला.

जुलै संपता संपता लोक कुरकुरायला लागले. आठच्या आत कोण येतं नाचाला? गाईगुरं, आंघोळ, जेवण, हे उरकून माणूस येणार. आमच्याकडे टँगोशिवाय नाच म्हणजे मिठाशिवाय जेवण.

"रायली, आम्ही काय घोडे आहोत का? नुसतं पळवते आहेस," सिर्का कॉफीच्या खिडकीतून ओरडली.

"वजन उतरेल तुझं," रायलीने हसून उत्तर दिलं.

योउनी फोन उंचावत पुढे आला. त्याला ही संधीच हवी होती. "मी सांगत नव्हतो? हजार टँगो आहेत यात. कुठल्या काळात राहता तुम्ही?"

"चालू कर की मग," सिर्का म्हणाली. "बघू दे तरी तुझे हजार."

योउनी फोन घेऊन कड्यावर चढला, कारण रेंज तिथे होती. वरून लांबच लांब वायर सोडून त्याने फोन मांडवाच्या कर्ण्याला जोडला. टँगो सुरू झाला, टाळ्या पडल्या, पुरुष निघाले, जोड्या लागल्या. केर्त्तू पर्स बाजूला ठेवून उभी राहिली आणि ओइवा तिच्यासमोर मान लववत होता. रायली खिडकीतून बघत होती. आपण हरलो याचं तिला दुःख झालं, आणि सुटलो याचं त्याहून जास्त बरं वाटलं. ओइवाचा हात केर्त्तूच्या पाठीवर टेकला आणि गाणं थांबलं. जोड्या एक पाय पुढे टाकून तशाच उभ्या. कर्ण्यातून एक बाई आनंदी आवाजात गाडीच्या विम्याबद्दल बोलायला लागली. मग तीही थांबली. वरून योउनी ओरडत होता, "रेंज गेली! थांबा, जरा डावीकडे सरकतो!"

"सरकू नकोस, पडशील!" खालून कोणीतरी ओरडलं. सगळा मांडव हसायला लागला.

ओइवा हसला नाही. त्याने केर्त्तूला जपून जागेवर पोचवलं. नाच झालाच नव्हता, तरी त्याने आभार मानले.

"आपले जुनेच लाव गं रायली," बायकांच्या बाजूने आवाज आला. "पेन्तीचे. ते कधी मध्येच थांबले नाहीत."

सगळे तिच्याकडे बघत होते. त्यांत ओइवाही होता. आणि रायली म्हणाली, "टँगोचा सगळा कप्पा आता बिघडला आहे. सांगवत नव्हतं मला. मूळ सीड्यांवरही ओरखडे गेलेत, पुन्हा उतरवता येत नाहीत."

कोणी तिला बोल लावला नाही, सिर्कानेसुद्धा नाही. पेन्तीने काय जपून ठेवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी गावात टँगोची सीडी नाही असं घर नव्हतं. पण फोन आले तसं सगळ्यांनी त्या सीड्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पिशव्या भरभरून देऊन टाकल्या होत्या. आता शोधूनही कोणाकडे निघाली नसती. त्यातून ज्या वाद्यवृंदाचे टँगो आम्हाला हवे असतात, तो आमच्याच भागातला. ते लोक नाचाच्या रात्री आपल्या बसच्या दारातून सीड्या विकायचे. योउनीच्या फोनला त्यांचं नावही माहीत नाही.

सीड्या ठणठणीत होत्या. घरी गेल्यावर रायलीने त्या कपाटातून काढल्या आणि बाष्पस्नानाच्या खोलीबाहेरच्या लाकडांच्या पेटीत, सरपणाखाली लपवल्या. ती घरात एकटी राहत होती. कोणापासून लपवते आहोत ते तिला कळत नव्हतं. भिंतीवरच्या फोटोतल्या पेन्तीकडे तिने त्या रात्री पाठ करूनच दिवा मालवला.

ऑगस्टमध्ये एका बुधवारी कॉफी घेऊन गेली तेव्हा केर्त्तूने तिला बाजूला बसवून घेतलं.

"मुलगी तुर्कूला बोलावते आहे. कायमचीच," केर्त्तू म्हणाली. "तिच्या इमारतीत लिफ्ट आहे. मी अजून हो म्हटलं नाही."

"मग नको म्हणूस ना," रायली म्हणाली.

"कोणाच्या भरवशावर राहू? गेल्या वर्षी वाटलं होतं की..." तिने पुरुषांच्या बाजूला पाहिलं आणि स्वतःशीच हसली. "जाऊ दे. या वयात असले विचार म्हणजे पोरखेळ. तो हल्ली तुझ्याच खिडकीशी असतो. खरं सांग, तुमचं काही आहे का? असेल तर मला आनंदच आहे हो. तू फार सोसलंस."

रायलीला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक वाक्य पुरलं असतं. तिने तोंड उघडलंही. आणि मग तिला वाटलं, सगळा मांडव, चर्च, दुकान, सगळीकडे ही गोष्ट जाईल, सिर्का तर नातवंडांना सांगेल. "कॉफी गार होते आहे," ती म्हणाली आणि उठली.

त्यानंतर ती वाळत गेली. खाई त्याला खवखवे. रस्त्यात कोणी नुसतं "काय रायली" म्हटलं तरी ती दचकायची.

त्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दुपारी ओइवाची जुनी व्हॅन तिच्या अंगणात येऊन थांबली. तो उतरला, टोपी काढली, परत घातली. मग खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याने पायरीवर ठेवलं.

"घे," तो म्हणाला.

कागदात सीडी होती, त्याच वाद्यवृंदाची, त्याच टँगोंची.

"कुठे मिळाली?" रायलीने विचारलं.

"वार्काउसला. आधी मिक्केलीला बघितलं, पिएक्सामाकीला बघितलं. जुन्या बाजारांत सीड्यांच्या पेट्या खाली जमिनीवर ठेवतात. गुडघ्यावर बसून एकेक बघावी लागते." ओइवाच्या आयुष्यातलं हे टँगोबाहेरचं सगळ्यात लांब भाषण असावं. ते अजून संपलं नव्हतं. "तू फार खराब दिसायला लागलीस. मी सिर्कालाही म्हटलं की पेन्तीची गाणी गेली म्हणजे तिला तो दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असणार. त्याआधीही, पेन्तीच्या जागी तू खोलीत एकटी रडत बसशील, म्हणून मी आपला खिडकीशी येऊन उभा राहायचो. मला बोलता येत नाही. पण उभं राहता येतं."

सबंध उन्हाळा जे तिने चाखून चाखून खाल्लं होतं, ती दया होती. रायली पायरीवर बसली. ओइवाला वाटलं, तिला गहिवरून आलं. त्याने तिच्या खांद्यावर जरासा हात ठेवला, लगेच काढला आणि तो व्हॅनकडे गेला. काच खाली करून म्हणाला, "बुधवारी लावशील ना? शेवटचा बुधवार आहे. केर्त्तूला तेवढंच जमतं."

"लावते," रायली म्हणाली.

संध्याकाळी तिने सरपण उपसून पेन्तीची तीच सीडी बाहेर काढली आणि ओइवाने आणलेलीच्या शेजारी टेबलावर ठेवली. दोन्ही अगदी सारख्या. एक माणूस ही शोधत जुन्या बाजारात गुडघ्यावर बसला होता, आणि तिची जुळी इथे सरपणाखाली होती. रायली टेबलावर डोकं ठेवून रडली, पण रडून काही हलकं झालं नाही. मग तिने स्वतःशी सौदा केला. बुधवारी आठनंतर टँगोच टँगो लावायचे, जोडीमागून जोडी. ओइवा विचारेल, केर्त्तू राहील, सगळं जागेवर येईल आणि कोणाला काही कळायचं कारण नाही. चोरलेला माल गुपचूप परत ठेवला तर ती चोरी राहते का? राहते, पण हे तिने त्या रात्री स्वतःला सांगितलं नाही.

बुधवारी मांडवात आधीच दिवे लावावे लागले, ऑगस्ट संपला की आमच्याकडे अंधार लवकर पडतो. आठला टॅक्सी आली. त्यातून उतरायचे ते उतरले. केर्त्तू उतरली नाही.

"ती कसली येते?" सिर्का कॉफी ओतता ओतता ओइवाला सांगत होती, आणि ते रायलीला खिडकीतून ऐकू आलं. "सोमवारीच मुलगी येऊन घेऊन गेली तुर्कूला. सामान मागाहून जाणार आहे. तुला नाही सांगितलं?"

ओइवाने कप घेतला नाही. तो मांडवाच्या कठड्याशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

रायलीने टँगो लावले. दुसरं काय करणार? पहिला सूर निघाला आणि सगळ्या मांडवाने "आ हा" केलं. लोक तिच्या खिडकीकडे बघून हात हलवत होते, कोणी टाळ्या वाजवल्या. एकामागून एक जोड्या झाल्या. ओइवा कठड्याशीच होता. प्रत्येक टाळी रायलीला थोबाडीत बसल्यासारखी लागत होती.

शेवटच्या वॉल्ट्झआधीची जोडी लावायची वेळ आली तेव्हा तो खिडकीशी आला. त्याने मान लववली.

"दोन गाणी यंत्र आपलं आपण वाजवेल," तो म्हणाला. "ये."

याच बोलावण्यासाठी तिने हे सगळं केलं होतं. ती बाहेर आली. ओइवाने तिला धरलं, आणि तो काय सुरेख नाचतो ते तिला पहिल्यांदाच कळलं. अर्धा फेरा झाला आणि त्याची जीभ सुटली, तशी ती टँगोत नेहमीच सुटायची.

"मी या उन्हाळ्यात केर्त्तूला विचारणार होतो," तो तिच्या केसांवरून बोलत होता. "दरवेळी निघायचो आणि दरवेळी दुसरंच काहीतरी लागायचं. योउनीचं गाणंसुद्धा माझा हात टेकला आणि थांबलं. मग मला वाटलं, हे सांगणं आहे. वरून कोणीतरी सांगतं आहे की ओइवा, नको. मी मूर्ख माणूस. मी ऐकलं."

फेरा पुरा झाला. पहिलं गाणं संपलं.

दोन गाण्यांच्या मध्ये जोड्या फरशीवरच उभ्या राहतात. कोणी घाम पुसतं, कोणी हसतं. पुरुषाने हात काढलेला असतो, पण तो जात नाही. रायलीने वर पाहिलं.

"वरून कोणी सांगत नव्हतं, ओइवा," ती म्हणाली. "मी होते ती. तू निघालास की मी गाणं बदलायची. कप्पा बिघडला नव्हता. सीड्या माझ्या सरपणात आहेत. तू खिडकीशी यावास म्हणून केलं."

ओइवाने तिच्याकडे पाहिलं. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. इंजिन उघडल्यावर आत भलतंच काही दिसावं आणि ते आपण नीट पाहिलं का याची खात्री करावी, तसा तो बघत होता. दुसरं गाणं सुरू झालं. आजूबाजूच्या जोड्या हलल्या. तिला वाटलं, आता हा इथेच सोडून जाईल. जावंच त्याने, सगळ्यांदेखत जावं.

त्याने हात पुढे केला आणि तो नाचला. सबंध गाणं, एकही पाऊल न चुकवता, तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत. बोलला नाही. टँगोत ओइवा बोलला नाही, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं, कारण कळलं नाही. रायलीने त्याच्या हातात लाकडाच्या फळीसारखी ती मिनिटं काढली. गाणं संपल्यावर त्याने तिला हाताला धरून खोलीच्या दारापर्यंत आणलं.

"आभारी आहे," तो म्हणाला, कोणत्याही पुरुषाने कोणत्याही बाईला म्हणावं तसं.

तो गेला नाही. उंबऱ्याशी उभा राहिला. मग त्याने विचारलं, "तिच्या मुलीकडे सीडी वाजवायचं काही असेल?"

रायलीला क्षणभर कळेना. मग कळलं. तुर्कूला जाऊन हा माणूस टँगोशिवाय दारात काय बोलणार होता?

"आता कोणाकडे असतं?" ती म्हणाली. तिने यंत्राच्या मागच्या वायरी ओढून काढल्या, पेटी उचलली आणि त्याच्यासमोर धरली. "हे ने. बॅटरी भरलेली आहे, छोटा कर्णा आतच आहे. टँगो सगळ्यात वरच्या ओळीत आहेत. सगळे आहेत."

ओइवाने मांडवाकडे पाहिलं. शेवटच्या वॉल्ट्झसाठी पुरुष फरशी ओलांडायला तयार उभे होते. या वॉल्ट्झला जिला मागायचं तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जायचं असतं, त्यामुळे काही जणांनी केसही सारखे केले होते.

"आणि हे?"

"ते मी बघते. जा."

त्याने पेटी घेतली, काखेत नीट धरली आणि तो अंधारात व्हॅनकडे गेला. वळून पाहिलं नाही. दिवे लागले आणि व्हॅन कड्याला वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागली.

मांडवात कुजबुज सुरू झाली. "काय गं, वॉल्ट्झ?" सिर्काने हाक मारली. योउनी फोन हातात घेऊन पुढे आला.

"यंत्र बिघडलं का?" त्याने विचारलं. "कड्यावर चढू का मी?"

रायली खोलीचा दिवा मालवून बाहेर आली आणि फरशीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली.

"यंत्र बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "टँगोही कधी बिघडले नव्हते." आणि कोणी काही विचारायच्या आत तिने पहिल्या बुधवारपासून सांगायला सुरुवात केली.